पॅरोलवर आलेल्या माणसाच्या घराची झडती: पोलिसांना वॉरंट लागत नाही का?

कपाशीवाला
मंडळी, नमस्कार. मामला घरचा आहे म्हणून नावगाव सांगत नाही. पैनगंगेच्या काठचं गाव समजा, कोरडवाहू, कपाशी-तुरीचं.

माझा मोठा चुलतभाऊ जन्मठेप भोगतो आहे. वावराच्या धुऱ्यावरून भांडण झालं, काठ्या चालल्या, समोरचा माणूस दगावला. कोर्टाने शिक्षा दिली, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मोठीमाय अंथरुणाला खिळली म्हणून त्याला आता पॅरोल मिळाला. आल्यापासून ठाण्यात हजेरीला जातो, शीव ओलांडत नाही, दिवसभर मायच्या खाटेपाशी असतो.

तरी रात्री जेवणं आटोपून निजानीज झाली की गाडी येते. सुरुवातीला नुसता आवाज द्यायचे, भाऊ बाहेर येऊन उभा राहायचा, सही करायचा. त्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या आठवड्यात सरळ आत शिरले. कोठीतले गहू परातीनं काढून जमिनीवर ओतले. बाजूच्या खोलीत वेचणीचा कापूस रचून होता, त्यात काठ्या खुपसल्या. वहिनीची लोखंडी पेटी उघडली. पोरीचा शाळेचा दाखला, बचत गटाची पासबुकं, लग्नातला शालू, सगळं खाटेवर. मोठीमाय त्याच खाटेवर होती, तिला उठता येत नाही. सोबत बाई पोलीस नव्हती, गावातला पंच नव्हता, कागद नव्हता. मी विचारलं, साहेब, वॉरंट? तर म्हणाले, "पॅरोलचा माणूस आहे, त्याच्या घराले कायचं वॉरंट?"

असा काही कायदा आहे का? घर मोठीमायच्या नावावर आहे. त्यात वहिनी राहते, दोन लेकरं राहतात. कैदी तो आहे, घर नाही. माझं तर मत ठाम आहे की हे चुकीचं झालं. पण कायदा काय म्हणतो आणि तुमच्याकडे काय अनुभव आहे ते सांगा.

धुऱ्यावरचा_बाभूळ
काही सापडलं का?

कपाशीवाला
काही नाही. कशासाठी आले होते तेही सांगितलं नाही.

सरळसोट
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. खुनाच्या शिक्षेतला माणूस गावात येतो तेव्हा सगळ्या गावाच्या पोटात गोळा येतो. पोलिसांनी लक्ष ठेवायचं नाही तर कोणी ठेवायचं? पॅरोलवर सुटून पळालेले, परत आलेच नाहीत असे लोक काय कमी आहेत? ज्याला सरकारने सवलत म्हणून सोडलं त्याने थोडा त्रास सहन करावा. नको असेल तर आतच राहावं.

कपाशीवाला
@सरळसोट दादा, त्याने सहन करावा हे मान्य, तो करतोच आहे. वहिनीच्या पेटीनं काय केलं होतं?

निवृत्त_जमादार
मी पोलीस खात्यात हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमची बाजू सांगतो आणि चूक असेल तिथे चूकही म्हणतो.

पॅरोलचा अर्ज आला की ठाण्याचा अहवाल मागवतात. गावात भांडण उसळेल का, फिर्यादीच्या घरच्यांना धोका आहे का, जामीनदार खरा आहे का, हे सगळं बीटच्या, म्हणजे तेवढा भाग सांभाळणाऱ्या, पोलिसाला लिहून द्यावं लागते. मग सुटकेच्या आदेशात अटी येतात: अमुक गावातच राहायचं, ठाण्यात हजेरी द्यायची, ठरल्या तारखेला कारागृहात परत. तो परत गेला नाही तर पहिला फोन ठाण्याला येतो, "तुमच्या हद्दीतून गेला कसा?" म्हणून रात्री चक्कर मारतात, माणूस घरी आहे का ते पाहतात. हे काम आहे आणि ते व्हायला पाहिजे.

पण चक्कर मारणं वेगळं आणि कोठी उपसणं वेगळं. आमच्या काळी जुन्या हवालदारांनी आम्हाला शिकवलं होतं की माणूस पाहायचा असेल तर दारातून हाक मार, वस्तू पाहायची असेल तर आधी डायरीत लिही. कशासाठी झडती घेतली हे ज्याला सांगता येत नाही त्यानं ती घेऊ नये. तुमच्याकडे जे झालं ते मला पटलं नाही.

एक विचारतो. त्या दिवसांत परिसरात काही चोरी, मारामारी, शस्त्राची खबर वगैरे झाली होती का? असेल तर चित्र बदलते.

कपाशीवाला
जमादारसाहेब, आमच्या कानावर तरी काही नाही. पाटलांनाही विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

मोहफूल
झडतीचं म्हणाल तर आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. हातभट्टीच्या नावाखाली घरात शिरणं इतकं सवयीचं झालं की लोक विचारतच नाहीत. शेजारणीच्या घरात लोणच्याची बरणी हुंगून पाहिली होती. सासू म्हणाली, हुंगता कायले, पोळीसंगं खाऊनच पाहा ना! तेव्हा कुठे हसले आणि गेले. दारूबंदी मला मनापासून हवी आहे, आमच्या बायकांनी त्यासाठी रस्त्यावर दिवस काढले. पण त्यासाठी स्वयंपाकघर पालथं घालायचं असं आम्ही कधी म्हटलं नव्हतं.

वर्धाकाठ
@मोहफूल ताई, आमच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. मधल्या काळात हेच. गडचिरोलीत तर १९९३ पासून आहे. पण धागा भरकटेल, दारूवर वेगळा काढू.

कोर्टाची_पायरी
मी वकिली करते, तालुका कोर्टात आणि अधूनमधून नागपूर खंडपीठात. जरा लांब लिहिते, कारण दोनतीन गोष्टींची सरमिसळ होते आहे.

आधी वॉरंटचं. वॉरंटशिवाय झडती घेताच येत नाही असं नाही. येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १६५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १८५ आहे. पण ते कलम नीट वाचा. एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू पाहिजे. त्या तपासासाठी लागणारी वस्तू अमुक जागी आहे असं मानायला सबळ कारण पाहिजे. वॉरंट आणत बसलं तर उशीर होईल अशी स्थिती पाहिजे. हे कारण, आणि शक्यतो काय शोधायचं आहे तेही, अधिकाऱ्याने झडतीच्या आधी केस डायरीत लिहायचं. झडतीचं चित्रीकरण करायचं, मोबाईलवर केलं तरी चालते. आणि त्या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची.

पॅरोलवर असणं हा गुन्हा नाही. तपास कोणत्या गुन्ह्याचा चालू होता? नुसता "पॅरोलचा माणूस आहे" हे कारण कलम १८५ मध्ये बसत नाही.

झडती कशी घ्यायची ते कलम १०३ मध्ये आहे, पूर्वीचं कलम १००. त्याच भागातले निदान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर पाहिजेत. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू दिलंच पाहिजे. जप्त झालेल्या वस्तूंची यादी पंचांच्या सहीनिशी घरच्याला द्यायची. बाईच्या अंगाची झडती बाईनेच घ्यायची, मर्यादा राखून. पेटी उघडणं म्हणजे अंगझडती नाही, हे खरं. पण पंच नाही, कारण नाही, चित्रीकरण नाही, तर ती झडती कायद्यातली नाहीच.

आता सरळसोट भाऊंना उत्तर. शिक्षा झालेल्या माणसाचे सगळे हक्क संपतात असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कधी म्हटलेलं नाही. सुनील बत्रा खटल्यात, १९७८ साली, उलटंच म्हटलं: कैदेमुळे जेवढे हक्क अपरिहार्यपणे जातात तेवढेच जातात, बाकीचे कैद्यापाशी राहतात. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. तो हक्क कापायचा तर कायदा पाहिजे, योग्य हेतू पाहिजे आणि जेवढ्यास तेवढीच कात्री पाहिजे.

आणि हे रात्रीचं हाका मारणं, घरात शिरणं यावरच एक जुना निकाल आहे. खडकसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, १९६२. या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात धरलं होतं, पुरावा नाही म्हणून सोडलं. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची फाईल उघडली आणि वर्षानुवर्षं रात्री येऊन दार ठोठावायचं, झोपेतून उठवायचं. सहा न्यायाधीशांपुढे प्रकरण गेलं. बाकीची पाळत त्यांनी चालू दिली, पण रात्री घरी जाण्याचा नियम तेवढा रद्द केला.

बांधावरून
वकीलताई, एवढं फुकटात समजावलं, आता आमच्या धुऱ्याची पण एक तारीख लावून टाका. आजोबांपासून चालू आहे 😄

सरळसोट
@कोर्टाची_पायरी ताई, वाचलं. पण तुमचा खडकसिंग तर निर्दोष सुटलेला. इथे माणूस दोषी ठरलेला आहे. दोघांना एकाच मापानं कसं मोजायचं?

कोर्टाची_पायरी
प्रश्न रास्त आहे. एका मापानं नाहीच मोजता येत. पॅरोलवरच्या माणसावर सरकार अटी घालू शकते, हजेरी मागू शकते, गाव सोडू नको म्हणू शकते. तेवढा त्याचा हक्क कमी झाला. १९७५ च्या गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात तर पाळतीचे नियम न्यायालयाने टिकवले, पण घरी जाणं हे समाजाला खरोखर धोका असेल अशा स्पष्ट प्रकरणांपुरतंच ठेवा असं बजावलं. म्हणजे दोषी, सराईत म्हटल्या गेलेल्या माणसालाही दार असतेच.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे पॅरोलच्या आदेशात "तुझ्या घराची केव्हाही झडती घेऊ" अशी अट मी तरी पाहिलेली नाही. महाराष्ट्रात १९५९ चे फर्लो (म्हणजे ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी रजा) आणि पॅरोलचे नियम आहेत, त्यांवर आदेश निघतात. @कपाशीवाला, तुमच्या भावापाशी सुटकेच्या आदेशाची प्रत असेल, ती ओळ न ओळ वाचा. अटीत जे नाही ते ठाणेदाराला आपल्या मनानं घालता येत नाही.

सातासमुद्रापार_वऱ्हाडी
मी मूळचा अकोल्याकडचा, सध्या कॅलिफोर्नियात. पोलिसांनी "पॅरोलवाल्याला वॉरंट कायचं" म्हटलं ते इथे अगदी शब्दशः खरं आहे, म्हणून लिहितो.

इथे पॅरोल म्हणजे चार दिवसांची सुट्टी नाही. तुरुंगातून सुटल्यावर पुढचा काळ देखरेखीखाली बाहेर काढायचा, त्याला पॅरोल म्हणतात. त्या काळात केव्हाही, वॉरंट नसताना, कारण नसतानाही अंगाची आणि घराची झडती होऊ शकते, तसा या राज्याचा कायदाच आहे. २००६ मध्ये सॅमसन विरुद्ध कॅलिफोर्निया हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. सॅन ब्रुनो नावाच्या गावात एक पॅरोलवरचा माणूस रस्त्यानं चालला होता. पोलिसानं थांबवलं, त्याच्यावर वॉरंट नाही हेही कळलं, तरी केवळ पॅरोलवर आहे म्हणून खिसे तपासले. सिगारेटच्या पाकिटात अमली पदार्थ निघाला. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, ही झडती वैध. त्याआधी १९८७ मध्ये ग्रिफिन खटल्यात प्रोबेशनवरच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्या, माणसाच्या घराची वॉरंटशिवायची झडतीही ग्राह्य धरली होती, पण तिथे निदान संशयाला काही आधार लागत होता.

तरी या देशात पोलिसांनी बेकायदा झडतीत काही मिळवलं तर तो पुरावा बहुतेक वेळा कोर्टात चालत नाही, ही एक वचक आहे. आपल्याकडे तसं आहे का?

कोर्टाची_पायरी
@सातासमुद्रापार_वऱ्हाडी दादा, बरं झालं लिहिलंत. आपला पॅरोल आणि तिथला पॅरोल यांत नेमका हाच फरक आहे. आपल्याकडे शिक्षा चालूच असते, कारणापुरती रजा मिळते: आजारपण, मयत, लग्नकार्य. पॅरोलचे दिवस शिक्षेत मोजतही नाहीत, ते नंतर भरून द्यावे लागतात. फर्लोचे मात्र मोजतात.

पुराव्याचं विचाराल तर आपल्याकडे ती वचक नाही. १९७४ च्या पूरणमल निकालापासून भूमिका अशी आहे की झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून सापडलेली वस्तू बाद होत नाही. कोर्ट फार तर अशा पुराव्याकडे जास्त काळजीने पाहते. म्हणूनच माझं म्हणणं आहे की आपल्याकडे झडतीच्या वेळीच जागं राहावं लागते. नंतर कोर्टात "झडती चुकीची होती" एवढं म्हणून भागत नाही.

बेड्यावरची_लेक
मी फासेपारधी समाजाची आहे. नर्सिंग शिकते. हा धागा वाचून बोलल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, पॅरोलवर कोणी आलेलं लागत नाही. तालुक्यात कुठे मोटरपंप गेला, बकरी गेली, की पहाटे गाड्या आमच्याकडे. चुलीतली राख उकरतात, गोधड्या झाडतात. माझ्या लहानपणी आई आम्हाला शाळेचं दप्तर अंगाखाली घेऊन झोपायला सांगायची. सामान फेकाफेकीत वह्या भिजायच्या आणि मग गुरुजी मारायचे. आमच्यापैकी कोणी गुन्हा केलाच नाही असं मी म्हणत नाही. ज्यानं केला त्याला धरा. पण एकाच्या नावावर सगळी पालं उलटी का?

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो गेला, म्हणून आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. कायदा गेला तरी बीटच्या वहीतली नावं गेली नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तुरुंगातल्या जातिभेदावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना जन्मानं सराईत समजू नका असं स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या एका आमदाराच्या प्रकरणात पोलिसांच्या हिस्ट्रीशीटवर, म्हणजे सराईतांच्या नोंदींवर, न्यायालय बोललं, तिथेही हेच की मागास आणि भटक्या समाजातल्या निर्दोष लोकांची नावं डोळे झाकून त्यात घालू नका.

@कपाशीवाला दादा, तुमच्या वहिनीची पेटी वाचली तेव्हा मला माझी आई आठवली. तुम्ही गप्प बसू नका.

कपाशीवाला
ताई, काय बोलू. आमच्या गावाजवळही बेडा आहे. तिकडे गाड्या गेल्या की आम्ही दार लावून घ्यायचो. विचारलं कधीच नाही.

मोहफूल
@बेड्यावरची_लेक शिक गं बाई, खूप शिक. आमच्या सरकारी दवाखान्यात तुझ्यासारखी पोर हवी.

धाकटा_भाऊ
मी दुसऱ्या बाजूचा आहे. कपाशीवाल्यांच्या प्रकरणातला नाही, दुसऱ्या तालुक्यातला. माझा थोरला भाऊ असाच गेला. मारणारा आता दर वर्षी गावी येतो, कधी फर्लोवर कधी पॅरोलवर. आमचं दार आणि त्याचं दार एकाच गल्लीत आहे. तो आला की आई पाणी भरायला त्या बाजूनं जात नाही, लांबच्या विहिरीवरून आणते.

वर खूप हक्कांचं बोलणं झालं. माझ्या आईचा हक्क कोणी लिहिला नाही, म्हणून लिहितो. तो येणार हे आम्हाला कोणी कळवत नाही. पाव आणायला दुकानात गेलो तर तो समोर उभा. ठाण्यातून आधी एक फोन येत नाही. मला ती माहिती पाहिजे. रात्री पोलिसांनी जाऊन तो घरातच आहे याची खात्री करावी, हेही मला पाहिजे आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

त्याच्या घरचे गहू ओतून मला काय मिळणार? त्याची बायको आमच्या आईला अजून वाकून नमस्कार करते. तिच्या पेटीत माझा भाऊ नाही.

निवृत्त_जमादार
@धाकटा_भाऊ, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पॅरोलच्या अहवालासाठी फिर्यादीकडच्यांचा जबाब घ्यायला आमचा माणूस जातो, पण सुटकेची तारीख ठरल्यावर परत कोणी सांगायला जात नाही. तुम्ही ठाणेदाराला लेखी द्या की असा माणूस सुटला तर आम्हाला कळवावं. कारागृह अधीक्षकांनाही एक प्रत पाठवा.

सरळसोट
धाकटा_भाऊ यांचं वाचून मी माझं मत थोडं बदलतो. रात्रीची खात्री पाहिजे, या मतावर मी कायम आहे. पण झडती ही खात्री नाही, एवढं पटलं. ज्यासाठी जायचं तेवढंच करावं.

गावकामगार
मी पोलीस पाटील आहो. पंचाचं सांगतो. पंच म्हनून यायले गावात कोनी तयारच होत नाई, हे पोलिसाईचं म्हननं काई खोटं नाई. आज सही करा, मंग दोन-चार वर्सानं कोर्टाची तारीख येते, त्या दिवसाची मजुरी बुडते, वरून समोरच्या घरासंगं वैर. कापूस वेचनीच्या दिवसांत कोनाले वेळ हाये? म्हनून मंग ठान्याचे ठरलेले पंच असतात, प्रत्येक पंचनाम्यावर तेच नाव. कायद्यात लिहिलं "त्याच भागातले रहिवासी", आन सही तालुक्याच्या चहाटपरीवाल्याची!

माह्या मतानं ग्रामपंचायतीनं स्वतः पाच-सहा जनाईची नावं ठरवून ठान्याले द्यावी, त्यात दोन बाया असाव्या. मी आमच्या ग्रामसभेत हे मांडनार हावो.

धुऱ्यावरचा_बाभूळ
पाटीलसाहेब, तंटामुक्तीची समिती आहेच की गावागावांत. २००७ ला मोठा गाजावाजा करून सुरू झाली होती. तिच्यातलेच लोक घ्या.

गावकामगार
आमच्या समितीतच तंटे हायेत बावा, तेच आधी मिटवा लागन 🙂

जामीन_राहिलेला
एक कोपरा राहिला. पॅरोलला जामीनदार लागतो. मी मेहुण्यासाठी राहिलो होतो. तो परत जाईपर्यंत माझ्या जिवाला घोर होता. पोलीस माझ्याही घरी यायचे, "तुझा माणूस कुठे आहे?" मी म्हणायचो त्याच्या घरी असेल, तर म्हणायचे उघड कपाट. मी जामीन दिला म्हणजे माझं घरही दिलं का? वकीलताई सांगा.

कोर्टाची_पायरी
नाही दिलं. जामीनदार म्हणून तुम्ही रक्कम आणि जबाबदारी लिहून दिली, घराचा ताबा नाही. मेहुणा तारखेला परत गेला नाही आणि तो तुमच्या घरात लपला आहे असं मानायला पोलिसांना कारण असेल, तर त्याला अटक करायला ते वॉरंटशिवायही आत येऊ शकतात, त्यासाठी नव्या संहितेत कलम ४४ आहे. पण मुदत शिल्लक असताना, तो हजेरी देत असताना, कपाट उघडायचं कारण नाही. माणूस कपाटात ठेवत नाहीत.

या निमित्तानं आणखी एक निकाल. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्यापुढे जामिनाची एक अट आली होती: आरोपीनं गुगल मॅपवर आपलं ठिकाण टाकून ठेवायचं, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे हे सतत दिसेल. न्यायालयानं ती अट काढली. जामिनावरच्या माणसाच्या खाजगी आयुष्यात सतत डोकावता येणार नाही असं सांगितलं. तो खटला जामिनाचा होता, पॅरोलचा नव्हे, त्यामुळे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा कळते.

बांधावरून
चित्रीकरणाचं विचारायचं होतं. कायद्यात पोलिसांनी करायचं लिहिलं आहे. पण घरच्यांनी आपल्या मोबाईलवर केलं तर? आमच्याकडे मोबाईल हिसकावून घेतात.

कोर्टाची_पायरी
आपल्याच घरात, कामात अडथळा न आणता चित्रीकरण करायला मनाई करणारं कलम माझ्या माहितीत नाही. पण वाद घालू नका, अंगावर जाऊ नका, दार अडवू नका. नाही तर सरकारी कामात अडथळा म्हणून नवीनच गुन्हा अंगाला लागतो आणि पॅरोलवरच्या माणसाचा पुढचा पॅरोल त्यात अडकतो. शांतपणे "साहेब, तुमच्याकडचं रेकॉर्डिंग चालू आहे ना?" एवढं विचारा. कितीही वाजता आले असोत, शेजारच्या दोघांना हाक मारून बोलवा. कोण आलं, किती वाजता आलं, गाडीचा नंबर, काय उघडलं, हे त्याच रात्री वहीत लिहा आणि शेजाऱ्यांच्या सह्या घ्या.

कपाशीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी सगळं वाचून दाखवलं. भावानं सुटकेचा आदेश काढून दिला. त्यात हजेरी आहे, गाव न सोडणं आहे, फिर्यादीच्या घराकडे न जाणं आहे. झडतीचा एक शब्द नाही.

भाऊ मात्र तक्रार नको म्हणतो. त्याला भीती वाटते की पुढच्या वेळी अहवाल वाईट जाईल आणि मोठीमायला परत भेटता येणार नाही. त्याचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण वहिनी म्हणाली, पेटी माझी होती, तक्रार मी देते, यांचं नाव कुठे येतं त्यात?

@कोर्टाची_पायरी ताई, वहिनीनं एकटीनं दिली तर चालेल का?

कोर्टाची_पायरी
नक्की चालेल, उलट जास्त बरं. त्या कैदी नाहीत, त्यांच्यावर कुठलीच अट नाही. मोठीमायचा अंगठाही घ्या, घर त्यांच्या नावावर आहे.

दोन वेगवेगळे अर्ज करा. एक पोलीस अधीक्षकांना: तारीख, वेळ, काय झालं, पंच नव्हते, महिला पोलीस नव्हत्या, कारण सांगितलं नाही. त्यात भावाची बाजू मांडत बसू नका, घरातल्या बायकांचं आणि लेकरांचं लिहा. हजेरीला आणि दारातून खात्री करण्याला आमची हरकत नाही हेही स्पष्ट लिहा, त्यानं अर्जाचं वजन वाढते. दुसरा अर्ज मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात: आमच्या घराच्या झडतीची जी नोंद कलम १८५ खाली आली असेल तिची प्रत मिळावी. घराच्या मालकाला किंवा राहणाऱ्याला ती फुकट मिळते, तसं त्या कलमातच आहे. नोंद आली असेल तर कशाच्या तपासात झडती झाली ते कळेल. नोंद आलीच नसेल तर तेही कोर्टाच्या कागदावर येईल.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

निवृत्त_जमादार
अधीक्षकांच्या अर्जाला नंतर उत्तर आलं नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवी हक्क आयोग आहे. पण आधी अधीक्षक. बरेचदा वरून एक फोन आला की रात्रीची झडती बंद होऊन हाक मारण्यावर येते.

बेड्यावरची_लेक
वकीलताई, प्रतीचा तो दुसरा अर्ज आम्हीही करू शकतो का? आमच्याकडे पॅरोलवर कोणी नाही, पण झडती मागच्या महिन्यातच झाली.

कोर्टाची_पायरी
हो, ज्याच्या घराची झडती झाली तो कोणीही. पाल असलं तरी ते राहतं घरच आहे. तुम्ही मला वैयक्तिक निरोपात तालुका कळवा, मसुदा करून देते.

कपाशीवाला
सोमवारी बाजाराच्या दिवशी वहिनी आणि मी तालुक्याला जातो आहोत, दोन्ही अर्ज घेऊन. काय होते ते इथेच लिहीन.

गावकामगार
अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच, शिक्का आन आवक नंबर पाहून. नुसती सही घेऊन येऊ नका.

जामीन_राहिलेला
आणि कोर्टात अकराच्या आत पोहोचा. दुपारी गर्दी होते, बाबू भेटत नाही.